तीन पैसे

टिपणीसकाकांचा फोटो
चाचणीला घेतला, कारण तो हाताशी होता:
सूरसागरच्या कठड्याला टेकलेले, उन्हानं एक डोळा मिटलेला,
खिशाला दोन पेनं.

शून्य पूर्णांक, पुढं पंधरा आकडे.
एवढीच किल्ली.
तोच आकडा त्याच गुणाकारात घोळवत राहिले
आणि कठडा, पाणी, पेनं,
जन्मभर शेजारी राहिलेले ठिपके
एकमेकांना ओळखेनासे झाले.
पडद्यावर राख. सगळीकडे सारखी.

रात्री दांडिया बाजारातल्या खोलीवर
जुन्या लॅपटॉपवर उलगडायला बसले.
किल्ली तीच. सूत्र तेच.
राखच.

दोन वाजता कळलं: या मशीननं
सोळाव्या घरात, न विचारता,
आकडा जरासा वर ढकलला होता.
एवढ्यानं काय होतंय, म्हणून.

काका सहकारी बँकेत कॅशियर.
तीन पैसे जुळेनात म्हणून
एकदा होळीच्या रात्रीही घरी आले नाहीत.
पुरणपोळी खात आम्ही हसलो होतो.

सकाळी प्रयोगशाळा उघडायच्या आधीच
दारात उभी.
तिथल्या मशीननं एकेक ओळ सोडली:
आधी आभाळ, मग पलीकडचा काठ,
मग तो मिटलेला डोळा.
शेवटी पेनं.
मोजली. दोन.