नावाचा रकाना

दाखल्यावर आईचं नाव आहे, वैजयंता.
बापाचं आहे. तारीख आहे. गोल शिक्का आहे.
बाळाचे नाव, त्यापुढं कोरं.
ग्रामसेवक म्हणाला, वर्षभरात कधीही घाला, पैसे पडत नाहीत.
म्हणून घातलं नाही.

सावळजच्या शेडवर आम्ही बत्तीस बायका.
जाळीवरनं उतरलेला बेदाणा पुढ्यात ओततात.
हिरवा हिरव्यात, पिवळा पिवळ्यात,
काळा पडलेला घमेल्यात.
देठ खुडायचा. बोटं चिकटतात.
गंधकाची धुरी केसांत बसते, शिकेकाईनंही जात नाही,
आणि अकराच्या सुमाराला
माझ्या झंपरावर दोन ओले डाग उमटतात.
तू तीन किलोमीटरवर, आईपाशी, झोळीत.
तू रडलास हे अंगाला आधी कळतं.
मला कुणी विचारत नाही. अंगसुद्धा नाही.

मी तुला मागितलं नव्हतं.
हे सांगून टाकते, तुला बोलता यायच्या आत.

मिरजेला नर्सिंगला नंबर लागला होता.
पांढरे बूट घेतले होते, चारशे ऐंशीचे.
अजून खोक्यात आहेत, आत कोंबलेला कागदही काढला नाही.
मग स्थळ आलं, आणि स्थळाला घाई होती.

तुझा बाप कोइमतूरला सोनं गाळतो.
जत्रेला आला, नऊ दिवस राहिला, गेला.
अमावस्येला दुकान बंद, तेव्हा फोन करतो.
पोरगं कसं हाय?
बरं हाय.
मी कशी, हे विचारायच्या आत त्याचं रिचार्ज संपतं.

माझा बापही गलाईवालाच, सेलमला.
तिकडं त्याचं दुसरं घर आहे हे आईला
साडीच्या एका पावतीवरनं कळलं.
पावती तमिळमध्ये होती, तिला वाचता येईना.
साडी आपल्या घरात आली नाही, एवढं वाचता आलं.
पावती तिनं पिठाच्या डब्याखाली ठेवली,
आणि त्या दिवसापास्नं ती भाकरी
जरा जोरात थापते.

सातव्या आठवड्यात मी एकटीच मिरजेला गेले होते.
बाकावर बसले. नंबर एकोणीस.
काचेमागची बाई म्हणाली, घरचं कुणी? नवऱ्याची सही?
सही लागत नाही, माझी एकटीची पुरते,
हे मला कळलं तेव्हा
तू आतनं लाथा मारायला लागला होतास.
परतीच्या एसटीत कंडक्टरनं सुट्टे मागितले.
माझ्याकडं पाचशेच्या नोटा, सगळ्या अख्ख्या,
मोडायच्या राहून गेलेल्या.

सासू म्हणाली, आमचा वंश हाय.
आई म्हणाली, निभतं गं.
शेडवरची कोंडाबाई काहीच म्हणाली नाही.
माझ्या वाट्याचं घमेलं तिनं आपल्याकडं ओढलं,
आणि पाण्याच्या टाकीमागं
दूध पिळून टाकायची जागा दाखवली.
तिथल्या मातीला मुंग्या लागलेल्या होत्या,
माझ्या आधीपास्नं.

काल रात्री तू रडायच्या आधी मला जाग आली.
लाईट गेलेली. तू डोळे उघडे ठेवून पत्र्याकडं बघत होतास,
गप्प, कुणाचा तरी हिशोब तपासावा तसा.
बोट पदराला पुसलं, तरी तू तोंडात घेतलंस
आणि म्हाताऱ्यासारखं तोंड वाकडं केलंस.
गंधक.
मला हसू आलं. मोठ्यानं. आई कूस बदलून म्हणाली, काय झालं गं?
काय सांगू.
ह्याला माया म्हणतात का, ठाऊक नाही,
आणि कुणी म्हणालंच तर मी भांडेन.

दाखल्याला अजून सात महिने आहेत.
सोमवारी तासगावला सौदे, शेड लवकर उघडणार.
तू झोपल्यावर खोकं काढलं.
बाळंतपणात पाय वाढतो म्हणे. खरं आहे, अंगठा लागतो.
तरी घातले,
आणि चुलीपास्नं उंबऱ्यापर्यंत
दोनदा चालून आले.