चार सेकंदांची भट्टी

उद्यमनगरात जंगमांच्या लेथवरच्या माळ्यावर
शनिवारी साडेआठला अमेरिका लागते.
तेवीस खुर्च्या, पाठीवर तालीम मंडळाचं नाव,
गणपतीच्या आधी परत द्यायच्या बोलीवर आणलेल्या.
पडदा मांजरपाटाचा, तसनीम बागवाननं घरी शिवलेला.
खालची शिवण जरा वाकडी गेली,
तेव्हापासून तिकडचे सगळे रस्ते
डाव्या हाताला थोडे उतरतात.

तिकीट नाही. दाराशी लोणच्याची बरणी,
तिच्यात वाटेल ते टाकायचं.
मागच्या महिन्यात कुणीतरी बेअरिंग टाकलं होतं.

असले सिनेमे आपल्या थेटरात लागत नाहीत.
"तिकडंबी लागत न्हाईत," तसनीम म्हणते,
"तिकडंबी असाच कुणाचातरी माळा असणार."
दिवसा पोस्टात नाहीतर पंपावर राबणारी माणसं
मावशीची गाडी विकून कॅमेरा भाड्यानं आणतात,
दोस्तांना जेवू घालतात, तेवढ्यावर
नव्वद मिनिटं उभी करतात.

त्या शनिवारी एक बाई होती.
हायवेवरच्या लॉजमध्ये चादरींच्या घड्या घालत होती.
सात मिनिटं. मी घड्याळ लावून बघितलं.
कोपऱ्याला कोपरा, झटका, परत कोपरा.
मागनं कोणतरी म्हणालं, "मारामारी कवा हाय ओ?"
सगळे हसलो.
आणि चादरीच बघत बसलो.
खाली ओव्हरटाइम चालू होता,
लेथची घरघर त्या बाईच्या हातांना कशी कोण जाणे लागू पडली.

ईश्वरा मेस्त्री माझ्या शेजारी, नेहमीसारखे पहिल्या रांगेत.
चाळीस वर्षं फौंड्रीला सागवानी पॅटर्न करून दिले.
खालची इंग्रजी पाटी मी त्यांच्या कानात सांगतो:
तिचा भाऊ गेलाय. ती म्हणते, बरं आहे.
"बरं आहे म्हंती?"
होय.
"खोटं बोलतीया."

मग ती बस चुकल्यावर चालत निघाली.
गवत, तारेचं कुंपण, कुंपणामागं काहीतरी गंजलेलं,
आणि मेस्त्री ताडकन उभे. "थांबीव! मागं घे पोरी!"

तसनीमनं मागं घेतलं. थांबवलं.
बाईचा एक पाय हवेत राहिला.
मेस्त्री पडद्याजवळ गेले, अर्धी अमेरिका
त्यांच्या सावलीत बुडाली.
कुंपणामागच्या त्या गंजावर बोट ठेवून म्हणाले,
"क्यूपोला हाय ह्यो.
हितनं चार्ज टाकत्यात. कोक, चुनखडी, भंगार.
हितं मेटल उतरतंय. ही वाऱ्याची पेटी."
कापडावर बोट फिरत होतं, पडदा हलत होता,
भट्टी हलत होती.
"कवा इझवली ही?"

कुणाला माहीत. सिनेमात तसं काही नव्हतंच.
आमच्यातल्या दोघातिघांच्या भट्ट्या इंडक्शनवर गेल्यात,
एकाची गेल्या दिवाळीला बंदच पडली.
तो बरणीकडं बघत राहिला.
"चला, लाव पुढं," म्हणून मेस्त्री बसले.
बाईचा पाय जमिनीला टेकला.

शेवटी नावं येतात, ती उठून न जाता बघायची
हा इथला एकच नियम.
नावं थोडी असतात. तीच आडनावं पुन्हा पुन्हा,
सगळं घर कामाला लावलेलं.
मग खाली चहा, अर्धा अर्धा.

तसनीमनं दिग्दर्शकाला लिहिलं. तीन आठवड्यांनी उत्तर आलं:
कोल्हापूर कुठे आहे ते नकाशात बघितलं,
फार आनंद झाला, भट्टीचं मात्र ठाऊक नव्हतं,
आम्हाला वाटलं जुनी पाण्याची टाकी असेल.

मी ते मेस्त्रींना वाचून दाखवलं.
"टाकी!" म्हणाले.
बराच वेळ बशीतला चहा तसाच.
मग खिशातली पेन्सिल काढून
बिस्किटाच्या कागदावर काढायला लागले,
पहिल्यांदा पाय, मग कवच, मग दार.
"हे धाड त्याला. आन लिव,
परत गेलासा तर मागल्या अंगानं बघा.
टाकीला दार नसतंय."