आमिषाच्या दुकानात गाणं

गळ, दोऱ्या, शिशाची वजनं एका भिंतीला सरकवली
की चौतीस खुर्च्या मावतात.
तीस चर्चच्या, चार आमच्या जेवणाच्या टेबलाच्या.
महिन्यातला तिसरा शनिवार.
केंटकीतलं आमचं तळं खिडकीबाहेर काळं होत जातं
आणि जूनी लोणच्याच्या रिकाम्या बरणीवर
चिठ्ठी चिकटवते: दहा डॉलर, नाहीतर जमेल तसे.

माझं काम सोपं.
गांडुळांच्या फ्रिजची वायर काढायची,
कारण तो घरघरतो, आणि बेसूर घरघरतो.
मग संथ गाणं लागलं की
आमिषाच्या माशांच्या टाकीचा पंप बंद,
गाणं संपलं की चालू.
तीन-चार मिनिटं माशांना सोसतात.

लोर्ना टॅकेट आली ती एका दिव्याच्या गाडीतून.
रेडिओवर तिला कोणी लावत नाही.
गावाकडचे म्हणतात, हिच्या गाण्यात ट्रक कुठाय?
शहरातले म्हणतात, फार गवत आहे बुवा.
सोबत ऑरविल, दिवसा शाळेची बस चालवणारा.
त्याचं पेडल स्टील इस्त्रीच्या टेबलाएवढं,
आणि सूर त्यातून सुटतो तो
ओल्या फळीवरून मासा निसटावा तसा,
धरता धरता.

पहिल्या रांगेत मिसेस प्रूइट.
लोर्नाला त्या गेली सहा वर्षं पाण्यात पाहतात.
भाच्याशी ठरलेलं लग्न मोडलं होतं हिनं, हॉलचे पैसे भरल्यावर.
तरी दर वेळी पहिली रांग.

माईक नाही. त्यामुळे सगळं ऐकू येतं:
तारेवरून घसरणाऱ्या बोटाची बारीक शीळ,
ओळीआधीचा श्वास,
डीकन हॉलिसचं पोट.

नववं गाणं. "हे नवीन आहे," ती म्हणाली,
"नाव नाही अजून. आणि किती लांब आहे, तेही नक्की नाही."
मी पंप बंद केला.

गाणं भावाचं होतं.
घर विकलं त्या सकाळी तो करवत घेऊन आला
आणि दाराची चौकट कापून घेऊन गेला,
जिच्यावर दोघांच्या उंचीच्या पेन्सिलीच्या रेघा होत्या.
एवढंच.
तिसऱ्या कडव्यात ती चौकट मागच्या सीटवर, पट्टा बांधलेली.
पाचव्यात भावाला नोकरी नाही, चौकट आहे.
मी घड्याळ पाहिलं. सात मिनिटं.

टाकीत एकेक मासा वर येऊ लागला,
पाण्याला आतून ओठ लावून.
जीव वरखाली होतो म्हणतात ना,
इथे दीडशे जीव खरंच होत होते,
त्यात माझा एक.
सहावं कडवं. खोलीत कोणी हलेना.
बोट बटणावर. दाबावं तर गाणं मरतं,
न दाबावं तर
रविवारचा सगळा धंदा.

मी दाबलं.

बुड बुड बुड.
चौतीस माना माझ्याकडे वळल्या.
लोर्नानं डोळे उघडले, थांबली मात्र नाही.
ऑरविलनं कान टाकीकडे केला,
जसा बसमध्ये इंजिनाकडे करत असेल,
लोखंडी कांडी दोन घरं मागे ओढली
आणि पंपाशेजारी जाऊन बसला, सुरानं.
शेवटचं कडवं त्या बुडबुड्यांतूनच आलं.
त्यात भाऊ नव्हता.
चौकट होती, आणि तिच्यातून दिसणारं
कुणाचं तरी शेत.

टाळ्या उशिरा पडल्या.
मिसेस प्रूइटनी बरणीत वीस टाकले,
सुटे मागितले नाहीत.
"मासे वाचले?" मला विचारलं, लोर्नाकडे न बघता.
"बहुतेक," मी म्हटलं.
"लांब होतं," त्या म्हणाल्या,
आणि खुर्ची स्वतः दुमडून ठेवली.

मेले चार.
पहाटे पाचला पहिलं गिऱ्हाईक गांडुळं मागायला आलं
तेव्हा मला आठवलं,
फ्रिजची वायर रात्रभर जमिनीवरच पडलेली.