नावाड्याची दाढ

कादंबरीत मी दोन ओळी आहे.
पान तीनशे अकरा, खालून चौथी:
‘नावाडी वृद्ध होता. त्याने ब्र काढला नाही,
जणू पुढचं सगळं त्याला ठाऊक होतं.’

वृद्ध!
त्या साली मला एकेचाळिसावं लागलं होतं.
आणि ठाऊक काय असणार, कपाळ?
उजवीकडची खालची दाढ ठणकत होती,
गाल लिंबाएवढा सुजलेला,
तोंड उघडलं की सादु नदीवरचा वारा
थेट मेंदूत शिरायचा.
म्हणून गप्प.

त्या गप्प असण्यावर
प्राध्यापकांनी चाळीस-चाळीस पानं लिहिली.
एकाने मला काळ म्हटलं, एकाने मृत्यू.
कोइंब्राच्या एका बाईंना तर
माझ्या मौनात अख्ख्या पोर्तुगालचं मौन ऐकू आलं.
बाई, दाढ होती.

लेखकाने मला नाव दिली,
नाव दिलं नाही.
झेफेरीनु म्हणतात मला.
एरवी मिठाची पोती, कापणीच्या दिवसांत भात,
आणि कधीमधी, रात्री,
दुप्पट पैसे देणारं एखादं घाईतलं माणूस.

त्या रात्रीचं माणूस म्हणजे दोना ग्रासिंदा.
तुम्ही तिला माझ्यापेक्षा जास्त ओळखता.
तीनशे दहा पानांचं तिचं रडणं तुमच्याकडे आहे,
तो वकील, ती पत्रं,
नवऱ्याने जिन्यावरून फेकलेला आरसा.
माझ्याकडे आली तेव्हा ती
ओल्या बुटांची एक बाई होती,
चुकीच्या बाजूला बसली
आणि नाव कलली.
‘मध्ये सरका,’ मी म्हटलं.
म्हणजे ब्र काढला होता.

पुस्तकात ती चांदण्याकडे बघते, चांगलं अर्धं पान.
चांदणं कुठलं!
मिठागरांवरून उतरलेलं धुकं,
आणि वर कुठल्याशा धुराड्यावर
करकोच्याची चोच वाजत होती, टकटकटक.
ती माझ्या गालाकडे बघत होती.
मग तिने पिशवी चाचपली,
रुमालाची गाठ दातांनी सोडवली
आणि एक लवंग पुढे केली.
‘चावू नका हं. नुसती दाबून धरा.
माझ्या आईची दाढ अशीच उठायची.’

तिला आई होती.
सगळ्या पुस्तकात तिच्या आईचं नाव नाही,
मी वाचता येणाऱ्यांना विचारून पाहिलं.

नदीच्या मधोमध लेखकाने प्रकरण संपवलं.
पान उलटलं की सकाळ.
लव्हाळ्यात अडकलेली शाल,
कोळ्यांच्या पोरांचा ओरडा, पाद्री, घंटा,
आणि तुम्ही डोळे पुसता.
त्या दोन पानांमधल्या कोऱ्या जागेत
किती पाणी होतं,
ती शाल कुणी सोडली, कुणी धरली,
पलीकडे घोडागाडी उभी होती की नव्हती,
हे मला एकानेही विचारलं नाही.
आता विचारू नका.
दाढ कधीच बरी झाली.
आता मी मुद्दाम गप्प आहे.
बाईची लवंग खाल्ली आहे मी.

एक मात्र लेखकाशी भांडायचं होतं.
मेल्याने तिचं काय करायचं ते केलं,
पण मला परत आणायला विसरला.
प्रकरण संपलं तेव्हा वल्हं पाण्यात होतं,
ते अजून पाण्यात आहे.
कुठल्याशा गावात, कुणीतरी दिव्याखाली
तीनशे अकरावं पान उघडतं
आणि माझा गाल पुन्हा सुजू लागतो,
तीच धुक्याची ओल, तेच ओले बूट,
‘मध्ये सरका.’

आणि अलीकडच्या काठावर बेनविंदा.
माझी बायको. ती तर अर्ध्या ओळीतही नाही.
तिला कुणी सांगितलेलं नाही
की आज रात्री उशीर होणार.
सुक्या माशाचा रस्सा
तिने दोनदा गरम केला असेल,
दोनदा दाराशी आली असेल.

पातळच ठेव गं,
मी वल्हं मारता मारता म्हणतो,
आज चावता यायचं नाही.