पाचवा डोळा

लॅबवाल्याने काड्या चिरून कळवलं:
घड पाचव्या डोळ्यात आहे, सहाव्यातही असावा.
जे डोळे उघडून पाहिले
ते अर्थात गेले.

रायाप्पा कागद वाचत नाही.
काडी दोन बोटांत फिरवतो,
पेरावर अंगठा टेकवतो,
कट्.
जतची त्याची टोळी पुढच्या ओळीत,
मागून पेस्ट लावत बायका, बोटं लाल.

मी मणेराजुरीच्या बांधावर, मांडीवर लॅपटॉप.
माझा प्रोग्राम बुद्धिबळ खेळतो, बरा खेळतो.
एका चालीला तीस फांद्या, प्रत्येकीला आणखी तीस,
सगळ्या चढत बसलं तर या बागेचे बेदाणे होतील.
म्हणून समोरच्याचं एकच उत्तर भारी पडलं
की त्या चालीची बाकी उत्तरं
न बघता तोडायची.
तिथं काहीही असो, निकाल तोच.

रायाप्पाला सांगितलं.
"न बघता?"
न बघता.
"आन् चुकत न्हाई?"
गणित आहे.
त्यानं तंबाखूची गोळी दुसऱ्या गालात सारली.
"मग ती कात्री कुणीबी चालवंल."

दुपारी ओळीतून चालले.
प्रत्येक कापल्या टोकाला पाण्याचा थेंब.
वेल रडते म्हणतात आमच्याकडे,
आणि त्याकडे कुणी लक्ष देत नाही.
माझ्या झाडाला सेकंदाला चार लाख टोकं,
सगळी कोरडी.

कोपऱ्यात एक काडी तशीच, लांबलचक,
अकरा डोळ्यांची.
ही राहिली, म्हटलं.
"ऱ्हायली न्हाई," तो म्हणाला,
आणि पुढच्या वेलीला गेला.