माशाचं तोंड

वाळूजच्या शेडात रज्जाकमामू
जुन्या कॅलेंडरचं पान पाइपाभोवती गुंडाळतो,
खडूनं लाट ओढतो.
"हिथून खा," म्हणतो. ग्राइंडरला, मला नाही.

सरळ कापलेलं टोक
दुसऱ्या पाइपाला नुसतं टेकतं,
घाईतल्या पाहुण्यासारखं.
त्याला माशाचं तोंड पाडावं लागतं,
मग ते गोलाई ओठांत धरतं.

मी जोड बसवतो. मामू
बल्बासमोर धरून एक डोळा मिटतो.
फटीतून उजेड आला
की न बोलता परत.

आज चौथ्यांदा परत.
कानस, बर, अंगठ्याला चीर.
पाचव्यांदा त्यानं बराच वेळ
अंधार नीट पाहिला
आणि वेल्डर कौशीला हाक मारली.

सस्पेन्शनचा हा आर्म
पैठण रोडचे खड्डे खाईल, कुणाच्या तरी गाडीखाली.
माझं नाव त्यात कुठंच नाही.
फटही नाही.