टाक पान

आमच्याकडे पायाखालची जमीन सरकत नाही,
फुगते.
परातीत झाकून ठेवलेल्या पिठासारखी,
रोज थोडी, कुणाला न सांगता.
पोत्सुओलीच्या जुन्या बंदरातल्या होड्या
चिखलात कुशीवर कलंडल्यात,
आणि धक्क्याच्या ज्या पायरीवरून
शाळेतल्या आम्ही पोरी पाण्यात पाय सोडायचो
तिथून आता पाणी बघायला
विहिरीत डोकवावं तसं वाकावं लागतं.

रात्री तीन बाराला पलंग हलला.
दोन पूर्णांक सहा, रेडिओ म्हणाला.
मी म्हटलं, तीन तरी असेल.
सगळेच तज्ज्ञ झालोय आता.
कपाटातल्या बशा कुठल्या सुरात वाजल्या
त्यावरून आकडा सांगतो,
आई कपाळाला ओठ लावून ताप सांगायची, तसा.

दाराशी बूट. डाव्या बुटात टॉर्च.
पिशवीत घराचे कागद, रक्तदाबाच्या गोळ्या,
आणि नवऱ्याचा फोटो, चौकटीतून काढलेला,
काच फुटेल म्हणून.
सात महिने झाले, बिचारा
विम्याच्या कागदाच्या घडीत झोपलाय.

सहाला कॉफीची किटली गॅसवर चढते.
थरथरते, गुरगुरते, झाकण उडवते.
या एका थरथरीला मी घाबरत नाही.
गल्लीपलीकडे इम्माकोलाता चादर वाळत घालतेय,
कालचीच, धुतलेली, वाळलेली. मला ठाऊक आहे.
"जागी होतीस का गं?"
"छे, मेल्यासारखी झोपले होते."
"मीपण."
दोन खिडक्यांमधल्या कप्पीवरची दोरी
मी माझ्या बाजूने ओढते,
तिची चादर गल्लीच्या मधोमध येते
आणि गंधकाच्या वासात
थोडा साबणाचा वास मिसळतो.

मुलगा फोनवर चिडतो. ये इकडे, किती वेळा सांगू.
गुरुवारी कशी येऊ, म्हणते.
मग शुक्रवारी ये.
शुक्रवारी प्रोकोलो माझ्यासाठी बांगडे बाजूला ठेवतो.
आई, हे काय कारण झालं?
नाही झालं. पण दुसरं
मला नीट सांगता येत नाही.

गुरुवारी पत्ते.
तितीनाच्या इमारतीला भेगा गेल्या, दाराला सील लागलं,
बहिणीकडून दोन बस बदलून येते,
येताना स्वतःची उशी आणते, माझ्या खुर्च्या टोचतात म्हणे.
चौथा कार्मिने. तो मार्चमध्येच लेकीकडे गेला,
दूर उत्तरेत, सपाट प्रदेशात,
जिथे धुक्याखेरीज काहीच वर येत नाही.
साखरेच्या डब्याला फोन टेकवून ठेवतो आम्ही,
तो तिकडून खेळतो.
त्याची पानं मी धरते. मी बघत नाही.
थोडी बघते.

काल ऐन डावात आला.
आधी आवाज, जमिनीखालून ट्रक गेल्यासारखा,
मग दिवा झुलला, मग आम्ही.
कुणी किंचाळलं नाही.
इम्माकोलाताने ग्लास धरले, तितीनाने पानांवर पंजा ठेवला,
मी दोघींना धरलं.
फोन तेवढा पालथा पडला,
आणि टेबलाच्या कापडात तोंड खुपसून कार्मिने ओरडत राहिला,
काय झालं, बोला ना, कुणीतरी बोला,
अरे काय झालं!

नऊशे किलोमीटरवर, स्थिर जमिनीवर,
एकटा उभा होता तो.
आम्ही तिघी होतो.
आमचं हलणं कधीच थांबलं होतं.
त्याचं थांबेना.

मी फोन उभा केला, काच पदराने पुसावी तशी
बाहीने पुसली.
छतातून थोडा चुना तितीनाच्या केसांत पडला होता,
तिला कुणी सांगितलं नाही.
"काही नाही," ती म्हणाली, "तुझी वेळ आलीय.
म्हणजे खेळायची. टाक पान."

बराच वेळ नुसता श्वास ऐकू आला.
मग त्याने नाक शिंकरलं
आणि म्हणाला, मोहरांची सत्ती.

ती त्याच्याकडे नव्हती.
इम्माकोलाताकडे होती, तिच्या चेहऱ्यावरून कळत होतं.
तिने पदरची सत्ती काढून
गुपचूप माझ्या हातात सरकवली.
मी टाकली.